चालकाचे नाव

गाडी बाभळीला टेकवलेली, डोळा फुटलेली.
हेडलाइटच्या खोबणीत कोंबडीचं पीस.
पिंपळशेंडे साहेब वणीहून आले सव्वाबाराला,
रुमालानं मान पुसली,
इंजिनाचा नंबर कागदावर पेन्सिलनं घासून घेतला.
मडगार्ड, हँडल, फूटरेस्ट, उजवा इंडिकेटर,
प्रत्येकावर बोट ठेवून एकच विचारत:
हे जुनं की नवं?

टाकीवरचा ओरखडा जुना, साहेब.
पोरानं खिळ्यानं 'अ' काढला होता, बालवाडीत असताना.
त्यांनी लिहिलं: जुने.
प्लास्टिकला घसारा अर्धा, रबराला अर्धा,
लोखंडाला गाडीच्या वयाप्रमाणे.

सोनटक्के एजंटनं रात्रीच फोन करून ठेवला होता:
"भाऊ, चालक म्हणून तुमचंच नाव टाका.
वहिनीजवळ लायसन नाही,
अन् रोही काही साक्ष द्याले येत नाही."

फॉर्मात रकाना होता: समोरील वाहनाचा प्रकार.
मी लिहिलं, रोही.
खाली: वाहनाचा रंग.
निळसर. अंधार होता.

मग साहेब म्हणाले, सांगा, कसं झालं.
झरीहून येत होतो, मावसबहिणीच्या पोरीचं साक्षगंध.
नाल्याच्या अलीकडं वळण आहे,
तिथं कपाशीतून, डावीकडून, एकदम

"उजवीकडून."

दारात चंद्रकला.
चहाचं ताट दोन मनगटांवर तोललेलं,
कारण दोन्ही तळव्यांना पट्ट्या.
माझे तळवे स्वच्छ.
फक्त अंगठ्याला जुनी चिंधी, कडबाकटरची,
जिच्यापायी त्या रात्री मी मागं बसलो होतो
मांडीवर बुंदीचा डबा घेऊन.

साहेबांनी तिचे हात पाहिले, मग माझे.
चहा बशीत ओतला, फुंकर घातली.
"ब्रेक कोणता दाबला, बाई, आधी?"
"मागचा. मंग हळूच पुढचा.
पहिले पुढचा दाबला असता तं
हे डब्यासकट माह्यावरून गेले असते."
"अन् रोही?"
"उठला, अंग झटकलं, गेला.
त्याले काहीच नाही झालं."
"बराबर दाबला," साहेब म्हणाले,
बशी खाली ठेवली,
आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला.
एक रकाना रिकामा.

मी बाभळीकडं पाहत राहिलो.
गॅरेजवाल्याचं कोटेशन नऊ हजार चारशे.
पेन माझ्या हातात होता. शाई येत होती.

तिनं तो काढून घेतला.
बोटं वाकत नव्हती, म्हणून अक्षर मोठं आलं,
रकान्याच्या बाहेर गेलं:
सौ. चंद्रकला मारोती निखाडे.
पुढं परवाना क्रमांक.
तिथं तिनं रेघ मारली, सरळ,
बचतगटाच्या वहीत महिना संपल्यावर मारते तशी.

बेचाळीस दिवसांनी नागपूरहून पत्र आलं.
खेद. वैध परवाना. अटींचा भंग. दावा नामंजूर.
मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.
बुंदीचं तर कुठल्याच कागदात काही आलं नाही.
तिसऱ्या दिवशी वरोऱ्याच्या भंगारातून हेडलाइट आणला,
दुसऱ्याच कंपनीचा. मान वर करून पाहतो,
रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळतो.
तिला चालतं. म्हणते, रोही दिसत नाही तं नाही,
घुबडं तं दिसतात.

पत्र चुलीत घालायला घेतलं, तर म्हणाली, ठेवा.
प्लास्टिकच्या पिशवीत गेलं ते,
तिच्या सातवीच्या गुणपत्रिकेला लागून.
त्याआधी मधली ओळ तिनं
बरी झालेली बोटं फिरवत वाचली, मोठ्यानं,
शाळेत वाचतात तसं:

सदर अपघातसमयी वाहन
श्रीमती चंद्रकला निखाडे
या चालवीत होत्या.

खाली कंपनीचा गोल शिक्का.